कादंबरीतलं माणूस ओळखायचं कसं आणि आशयसूत्र काढायचं कसं

बीए-एमएला मराठी घेतलेली आपल्याकडची पोरं, परभणीची असो नाहीतर अंबाजोगाईची, व्यक्तिचित्रणाचा प्रश्न आला की विशेषणं लावत सुटतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या बनगरवाडी कादंबरीतला कारभारी, म्हणजे वाडीचा म्होरक्या, कसा? प्रेमळ, अनुभवी, मानी, करारी. प्रत्येक शब्दाखाली चार ओळी, झालं उत्तर. आता हेच चार शब्द तुमच्या गावच्या पारावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला लावून बघा, बसतात ना? मग ते कारभाऱ्याचं विश्लेषण कसं काय झालं?

तर पहिलं काम, विशेषण सोडा अन् प्रसंग धरा. माणूस अडचणीत आला की काय करतो ते वहीत लिहून काढा, पान नंबर टाकून. माडगूळकरांची बनगरवाडी (1955) छोटी आहे, सरावाला एकदम बेस्ट. कारभारी नवीन आलेल्या पोरसवदा मास्तरला गावात आधार देतो, अन् तोच कारभारी लेकीच्या, म्हणजे अंजीच्या चोळीवरून त्याच मास्तरवर नाराज होतो. हे दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवा. एकच माणूस दोन्हीकडं असा का वागला हे विचारलं की विश्लेषण तिथूनच सुरू होतं, कारण उत्तर द्यायला तुम्हाला गाव, बापपण, अब्रू, परका माणूस हे सगळं मधी आणावंच लागतं. प्रसंग एकमेकांशी भांडत असले तर घाबरायचं नाही, उलट चांगलंय, पात्र तिथंच जिवंत असतंय.

आणि छोटी पात्रं सोडू नका राव. शेकूच्या बायकोला किती पानं मिळाली? थोडीच. पण बैलाच्या जागी ती स्वतः जू खांद्यावर घेते, तो एक प्रसंग दहा पानांच्या वर्णनाला भारी आहे. आनंदा रामोशी चोऱ्या करणारा, तरी लेखक त्याला व्हिलन करत नाही, का करत नाही ते शोधा.

दुसरं, सांगतंय कोण? हे बघितल्याशिवाय पुढं जायचंच नाही. बनगरवाडी मास्तर सांगतो, तो शिकलेला, बाहेरून आलेला, म्हणून वाडीतल्या धनगरांच्या मनातलं त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला. आता आपल्या मराठवाड्यातली रा. रं. बोराडेंची पाचोळा (1971) घ्या. गोष्ट गंगाराम शिंप्याच्या घराची, पण सांगते त्याची बायको पारबती, तीबी आपल्या बोलीत. म्हणजे गंगारामचा जो काही स्वभाव आपण बघतो तो बायकोच्या डोळ्यातून आलेला. ती त्याला कुठं सांभाळून घेते, कुठं वैतागते, कुठं गप बसते, तिथं पेन्सिलनं खूण करा. मग तोच प्रसंग गंगारामनं सांगितला असता तर काय वेगळं झालं असतं असं स्वतःला विचारा. लातूर-धाराशिवकडच्या पोरांना इथं फुकटचा फायदा आहे, ती बोली कानात बसलेली असती, कुठला शब्द रागाचा अन् कुठला मायेचा ते डिक्शनरी न बघता कळतं. तेच उत्तरात लिहा की! पण पोरं लाजून प्रमाण भाषेत सारांश लिहून मोकळी होतात.

आता आशयसूत्र. बनगरवाडीचं आशयसूत्र काय विचारलं की उत्तर येतं, दुष्काळ. दुष्काळ हा विषय झाला हो. कादंबरी दुष्काळाबद्दल काय म्हणते, ते पूर्ण वाक्यात सांगता आलं तर ते आशयसूत्र. समजा तुम्ही लिहिलं, 'निसर्गापुढं माणूस लाचार आहे.' ठीक, पण लगेच स्वीकारायचं नाही, या वाक्याला आडवा जाणारा प्रसंग शोधायचा. सापडतो, वाडीतली माणसं मिळून तालीम उभी करतात, संस्थानचा राजा येतो, केवढा उत्साह! लाचार माणसं असं करतील का? मग वाक्य दुरुस्त करा, 'माणसं एकत्र आली की गाव उभं राहतं, पण पाऊसच गेला की ते एकत्र येणंही गावाला धरून ठेवू शकत नाही.' आता शेवटी ओस पडणारी वाडी जास्त लागते, कारण काय मोडलं ते आपल्याला माहीत आहे. असं दोन-तीनदा वाक्य घासलं की बस.

एक सावध राहायचं. आपल्या घरोघरी 72 च्या दुष्काळाच्या गोष्टी आहेत, त्यामुळं वाचताना आपलंच गाव डोळ्यासमोर येतं. येऊ द्या, त्यानं प्रसंग अंगाला भिडतो. पण बनगरवाडी माणदेशातली, औंध संस्थानाच्या काळातली, मेंढरांवर जगणारी. तिथं रोजगार हमी अन् जायकवाडी घुसवू नका.

नाटकाला हीच पद्धत चालते, फक्त तिथं सांगणारा नसतो, त्यामुळं बोलणं अन् करणं यातला फरक बघायचा. शिरवाडकरांच्या नटसम्राटवर (1970) सगळे लिहितात, पोरं वाईट, आईबाप बिचारे. पण पोरांना सगळी इस्टेट वाटून कोणी टाकली? म्हाताऱ्या नटानं, गणपतराव बेलवलकरांनी स्वतः, कोणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. रंगमंचावर राजा झालेला माणूस घरातबी तसाच वागायला जातो का, हा प्रश्न घेऊन परत वाचा, पोरांची चूक कमी होत नाही पण नाटक मोठं होतं.

परीक्षेत लिहिताना पहिल्या परिच्छेदात लेखकाचा जन्म, पुरस्कार असलं भरू नका, सरळ तुमचं ते घासलेलं वाक्य टाका. मग तीन प्रसंग, त्यातला एक तरी वाक्याला आडवा जाणारा. गाईड उघडायचंच असेल तर हे सगळं लिहून झाल्यावर उघडा.