कापसाच्या हंगामानंतर कॉम्प्युटरची सफाई
घरात कापूस साठवला की त्याचे तंतू कॉम्प्युटरच्या हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) जाऊन घट्ट बसतात. हवा अडते, प्रोसेसर तापतो आणि मशीन आपोआप बंद पडते. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून ही सफाई मार्चमध्येच उरका.

वायर काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा. कॅबिनेट अंगणात नेऊन उघडा. पंख्याचं पातं बोटानं धरूनच ब्लोअर मारा. मोकळा, वेगात फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकतं. हीटसिंकच्या पट्ट्यांमधले तंतू रंगकामाच्या कोऱ्या ब्रशनं काढा, ओलं फडकं नकोच. हीटसिंक उचललाच, तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. पॉवर सप्लाय (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) मात्र कधीच उघडू नका: वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जोरदार शॉक बसेल एवढी वीज उरलेली असू शकते.