रस्त्यावरचा फोटो: चौकट कशी धरावी, क्रॉप कुठे थांबवावा

कुणाच्या नकळत फोटो काढायचा म्हणून माणसांच्या मागे धावू नका. आधी जागा हेरा: साधी भिंत, जिना, उन्हाची तिरीप पडलेला कोपरा. तिथे उभे राहा आणि माणसाला चौकटीत येऊ द्या. पार्श्वभूमी आधीच पारखलेली असली की कुणाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवत नाही.

फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ/८ आणि फोकस ३ मीटरवर ठेवा. साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं, त्यामुळे नजर कडांवर फिरवायला मोकळी राहते. पावलं तुटताहेत का? चालणाऱ्याच्या पुढे जागा आहे का? दोन माणसं एकमेकांत मिसळत असतील तर अर्धं पाऊल बाजूला सरका. दोघांमध्ये बोटभर फट दिसली तरी पुरते.

क्रॉप करताना, म्हणजे काढलेल्या फोटोच्या कडा कापताना, आधी फोटो सरळ करा, कारण त्यात कडा जातातच. मग एकेक कड हळूहळू आत आणा. मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर कधीच कापू नका. मांडीच्या मध्यावर कापलेलं खटकत नाही.

क्रॉपला कमीपणा मानू नका. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ क्रॉप टाळायचे, तरी १९३२ मधला, पॅरिसच्या स्टेशनामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा प्रसिद्ध फोटो क्रॉप केलेलाच आहे. कुंपणाच्या फटीतून तो टिपताना डावीकडे फळी आली होती. हिशेब मात्र ठेवा: ६००० × ४००० पिक्सेलच्या फोटोची रुंदी आणि उंची निम्मी केली की २४ पैकी ६ मेगापिक्सेलच उरतात.

माझ्या एका फोटोत एक बाई छत्री झटकत होती आणि उजव्या कडेला कुणाचा तरी कोपर घुसला होता. मी तो कापला. फोटो नीटनेटका झाला, पण छत्रीतून उडालेल्या थेंबांचा अर्धा फवाराही गेला आणि हात नुसताच हवेत थांबल्यासारखा दिसू लागला. शेवटी कोपर परत आणला, तेवढाच भाग थोडा गडद केला. थेंब आता पुन्हा कडेपर्यंत उडतात.