केव्हीएमवरचा गेस्ट संध्याकाळीच का रखडायचा?

मिरकरवाडा बंदरात संध्याकाळी ट्रॉलर लागले की आमच्या बर्फ कारखान्याचा बिलिंग सर्व्हर रखडायचा. तो केव्हीएमवरचा गेस्ट, म्हणजे लिनक्समधल्या केव्हीएमच्या आधारे चालणारा आभासी संगणक. पर्फ हे कामगिरी मोजणारं साधन लावून पाहिलं, तर व्हीएम एक्झिटचा, म्हणजे गेस्ट थांबून ताबा बाहेर जाण्याचा, नुसता पूर! नेटवर्क कार्ड ई१००० होतं, म्हणजे खऱ्या कार्डाची सॉफ्टवेअरने केलेली पूर्ण नक्कल. इंटरप्ट, म्हणजे कार्डाची ‘लक्ष दे’ अशी हाक, आला की गेस्ट कार्डाचं रजिस्टर (स्थिती सांगणारा छोटा कप्पा) वाचणार, आणि त्या वाचनासाठी गेस्ट थांबवून ताबा हायपरव्हायझरकडे (गेस्ट चालवणारा थर, इथे केव्हीएम), तिथून कार्डाची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅमकडे.

कार्ड व्हर्टिओ केलं, म्हणजे खऱ्या कार्डाची नक्कल न करता खास आभासी संगणकांसाठी बनवलेलं, आणि त्याची ने-आण यजमान लिनक्सच्या कर्नलमध्येच करणारं व्हीहोस्ट जोडलं. केव्हीएम-इंटेल मॉड्यूलमध्ये एपीआयसीव्ही, म्हणजे गेस्टचे इंटरप्ट हाताळायची इंटेल प्रोसेसरमधली सोय, बंद होतं, तेही चालू केलं. आता इंटरप्टची नोंद २५६ बिटांच्या तक्त्यात होते आणि प्रोसेसर ती चालत्या गेस्टला न थांबवता आत पोचवतो. फार सुंदर रचना आहे ही. पावत्या आता अडत नाहीत. जुन्या प्रोसेसरांत एपीआयसीव्ही नसतं. तरी व्हर्टिओ जरूर करा.