दुसऱ्याच्या हातात काठी देण्याचं काम

मामानं मला पहिल्यांदा कोल्हापूरकडच्या भोगावती नदीवर नेलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पहिले दोन रविवार त्यानं माझ्या हातात काठीच दिली नाही. "आधी पाण्याकडं बघ," एवढंच म्हणायचा. बंधाऱ्याखाली फेस कुठं वळतो, पाणी कुठं काळं दिसतं, बारकी मासळी एकदम का उधळते, हे तो बोटानं दाखवायचा. तिसऱ्या रविवारी कळकाची काठी मिळाली. तिला नायलॉनची दोरी, भेंडाचा तुकडा आणि गळाला गांडूळ. पहिला मासा चिलापी निघाला, तळहाताएवढा. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आज मी पन्नाशीला पोचलोय. 24 वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत काढली. शेवटची पाच वर्षं रविवारी लोकांना मासेमारीला घेऊन जायचो आणि गेली सात वर्षं तेच पोटापाण्याचं काम आहे. हल्ली पोरं विचारतात, "काका, फिशिंग गाईड व्हायचंय, काय लागतं?" चार वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट ऐकायला बरी वाटणार नाही. गाईड झालात की तुमचा स्वतःचा गळ कोरडा राहतो. गिऱ्हाईक पाण्यात गळ टाकत असताना आपण दुसरी काठी उघडायची नाही. समोर मोठा मासा फिरताना दिसतो, हात शिवशिवतात, आणि शेजारच्या माणसाच्या दोरीचा गुंता झालेला असतो. तो गुंता सोडवण्यात तुमची सकाळ जाते. मला पहिलं वर्ष हे फार जड गेलं. मग एकदा गडहिंग्लजकडचे एक निवृत्त मास्तर नातीला घेऊन आले. नातीच्या काठीला शिंगाडा मासा लागला. पोरगी किंचाळली, आजोबांचा चष्मा पडला, आणि मी तिच्या कोपराखाली नुसता हात धरून "ओढू नकोस बाळ, त्याला जाऊ दे, आता फिरव" म्हणत होतो. मासा काठाला आला तेव्हा मला जे वाटलं ते स्वतः धरलेल्या कुठल्याच माशानं दिलेलं नाही. तसं तुम्हाला होणार असेल तर या धंद्यात या. नाहीतर रविवारी एकट्यानं नदीवर जावं. त्यातही आयुष्यभराचं सुख आहे.

आता पाण्याविषयी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांची मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, पाचवी सरस्वती गुप्त मानतात, आणि नरसोबावाडीला ती कृष्णेला मिळते हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असतं. गाईडला त्यापुढचं माहीत पाहिजे. आपल्या नद्यांवर जे बंधारे आहेत त्यांना सगळ्या महाराष्ट्रात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणतात. पावसाळा सरला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. बरगे बसले की वाहती नदी म्हणजे एकापुढं एक तळ्यांची माळ होते. चिलापी, कटला, रोहू, मरळ यांना हे थांबलेलं पाणी मानवतं. वाहत्या, गार, दगडगोट्यांच्या पाण्यात राहणारा मासा मात्र वरच्या अंगाला, घाटाकडं सरकतो. म्हणून जानेवारीत कोणी म्हणालं, "मला महसीर बघायचाय," तर त्याला शहराजवळच्या बंधाऱ्यावर नेऊन दिवस वाया घालवू नका.

महसीराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझा जीव त्याच्यात आहे. मराठीत त्याला खडशी म्हणतात. 1839 साली सायक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं पुण्याकडच्या नदीतल्या या माशाचं वर्णन छापलं आणि त्याच्या शास्त्रीय नावात 'खुद्री' घातलं; आज ते नाव टॉर खुद्री असं आहे. खडशीचंच ते साहेबी रूप. म्हणजे हा मासा आपला, कृष्णेच्या खोऱ्यातला. पुढं लोणावळ्याला कृत्रिम पैदास करून त्याचं बीज दूरदूरच्या पाण्यात सोडलं गेलं. कावेरीत तो इतका माजला की तिथला मूळचा कुबडाचा महसीर मागं पडला, आणि आज तो कुबडाचा मासा नामशेष व्हायच्या काठावर आहे. हेतू चांगला होता, तरी असं झालं. म्हणून गिऱ्हाईक कौतुकानं म्हणालं, "आमच्या शेततळ्यातले मासे नदीत सोडू का?" तर हात जोडून नाही म्हणायचं. आफ्रिकन मागूरसारखा परका मासा तर अजिबात नाही.

महसीर पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाच्या वर चढतो. जून ते सप्टेंबर मी काठी माळ्यावर टाकतो. मरळाचंही तसंच. पाण्यावर तांबूस बारक्या पिल्लांचा पुंजका हलताना दिसला की खाली आईबाप राखणीला असतात. त्यावेळी रबरी बेडूक टाकला तर मरळ हमखास झेपावतो, भुकेनं नाही, पिल्लांच्या काळजीनं. तो धरला की पिलावळ तासाभरात दुसऱ्या माशांच्या पोटात जाते. असा पुंजका दिसला की मी गिऱ्हाइकाला काठी खाली ठेवायला सांगतो आणि दहा मिनिटं नुसतं बघायला लावतो. आजवर एकानंही त्याबद्दल तक्रार केली नाही.

परवानगीचा विषय कंटाळवाणा वाटेल, पण यातच नवी पोरं अडकतात. धरणं आणि तलाव बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असतात. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. आपण रुबाबात रील घेऊन जायचं आणि त्यांचा कटला काढायचा, ही चोरी आहे. संस्थेच्या माणसाला भेटा, काय धरणार, काय सोडणार, किती पैसे देणार ते आधी ठरवा. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर गळ टाकायचा विचारही मनात आणू नका. गव्यांसाठी राखलेलं ते रान आहे आणि तिथल्या पाण्यातला मासाही त्या रानाचाच.

काठावरच्या भोई मंडळींशी नातं जोडा. जाळं टाकणाऱ्या माणसाला हौशी गळवाला म्हणजे रिकामटेकडा वाटतो, आणि त्याचं चुकत नाही. नदी त्याचं ताट आहे. मी त्यांच्या जाळ्याजवळ कधी गळ टाकत नाही, होडी लागली तर त्यांचीच घेतो आणि ठरलेले पैसे निघायच्या आधी देतो. कुठल्या डोहात यंदा गाळ भरला, वाम कुठल्या दगडाखाली निघाली, हे मला मोबाईलनं कधी सांगितलेलं नाही, त्यांनी सांगितलं. माझे एक भोई काका पाण्याचा वास घेऊन सांगतात की वरून पाणी सोडलंय. मला अजून ते जमत नाही.

सामान फार लागत नाही. सात फुटी काठी, मधल्या आकाराचं रील, चांगली दोरी, थोडे चमचे आणि फिरक्या (धातूची चकाकती आमिषं), मरळासाठी रबरी बेडूक. आमिषाला आपलं नाचणीचं पीठ. पाणी घालून घट्ट मळायचं, गोळे उकडून घ्यायचे, गार झाल्यावर पुन्हा मळायचं, म्हणजे गळावर टिकतं. महागडं रील घेऊन कर्जात पडलेली पोरं मी पाहिलीत. त्यापेक्षा पैसे लाइफ जॅकेटवर, पायातल्या उंच बुटांवर आणि उत्तम पकडीवर घाला. पकड दोन कामांना लागते. गळाचा उलटा काटा दाबून सपाट करायला, म्हणजे मासा सोडताना जखम होत नाही. आणि तोच गळ माणसाच्या बोटात घुसला तर तो कापून काढायला. हे दुसरं काम वर्षातून एकदा तरी येतंच.

मासा कसा सोडायचा, ते मी एका चुकीतून शिकलो. पाच वर्षांपूर्वी एप्रिलात, कुंभीच्या वरच्या अंगाला एका डोहावर, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना महसीर लागला. चारेक किलोचा असेल. दोरी बारीक होती, म्हणून वीस मिनिटं झुंज चालली. मग फोटो झाले. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, मग व्हिडिओ. मला कळत होतं की फार वेळ होतोय. पण पाहुण्यांचा आनंद मोडायला जीभ रेटली नाही. सोडल्यावर मासा पोहत गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विसरलेली सुरी आणायला गेलो तर खालच्या दगडांत तो पोट वर करून पडला होता. मी त्याला उचलून बराच वेळ बसून राहिलो. त्या डोहाकडं वर्षभर गेलो नाही.

आता काठी हातात देण्याआधीच नियम सांगतो. दोरी जाड, म्हणजे झुंज लवकर संपते. उन्हाळ्यात फक्त सकाळी, कारण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि दमलेला मासा सावरत नाही. हात ओले करूनच माशाला लावायचे, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. जबडा धरून लटकवायचं नाही, पोटाखाली हात द्यायचा. फोटोसाठी मासा वर उचलला की माणसानंही श्वास धरायचा. तुमचा श्वास संपला की मासा पाण्यात. सोडताना तोंड प्रवाहाकडं करून धरायचं आणि तो स्वतः जोर करून सुटेपर्यंत थांबायचं. ढकलायचं नाही.

जिवाची काळजी मात्र माशाच्या आधी माणसाची. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी पडतं तिथं ते गोल फिरून माणसाला आत ओढतं, पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटत नाही. तिथं गिऱ्हाइकाला उतरू द्यायचं नाही, मग ते कितीही रागावू दे. धरणाखालच्या पात्रात उभे असाल तर एका दगडावर खूण धरून ठेवा. खूण बुडाली की सामान टाकून वर निघायचं. पावसाळ्यात आपल्याकडं सगळ्यांची नजर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर असते, 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका. गाईडनं ती सवय बारा महिने ठेवावी. कृष्णेच्या आणि वारणेच्या काठी मगरी आहेत, तिथं संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. गवतात घोणस असते. कोणाला साप चावला तर मंत्र, पट्टी, चिरा यांत एक मिनिट घालवू नका, थेट कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा.

पैशाचं खरं सांगतो. दोघांच्या अर्ध्या दिवसाचे मी 2,500 रुपये घेतो. त्यातून होडी, पेट्रोल, संस्थेची पावती आणि घरून नेलेली भाकरी, खर्डा, पिठलं जाऊन हातात निम्मे उरतात. ऑक्टोबर ते मे हंगाम, चांगल्या महिन्यात बारा-चौदा फेऱ्या. पावसाळ्यात मी रील दुरुस्त करतो आणि काठ्या बांधतो. नोकरी असेल तर पहिली दोन-तीन वर्षं ती सोडू नका. तुमच्यामागं घर नसेल आणि बाहेर पडायची तयारी असेल तर हिमाचलात तीर्थन नदीच्या काठी ट्राउटचा हंगाम मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. तिथं मत्स्य विभागाचा परवाना घेऊन लोक रीतसर गळ टाकतात. अशा ठिकाणी एक हंगाम हाताखाली काम केलं तर शिस्त अंगात मुरते.

एक दुखणं सांगितल्याशिवाय राहवत नाही. उन्हाळ्यात पंचगंगेचं पाणी कमी झालं आणि त्यात घाण मिसळली की शिरोळकडं मासे तोंड वर करून हवेसाठी तडफडतात, मग पांढऱ्या पोटांचा खच पडतो. पोरं त्यांना पाट्या भरून नेतात. अशा दिवशी मी आलेली फेरी रद्द करत नाही. पाहुण्यांना तिथं नेतो, काठीशिवाय, आणि त्या दिवसाचे पैसे घेत नाही. दोन कुटुंबं नाराज होऊन गेली. एक बाई मात्र नंतर तीनदा आल्या, दरवेळी नव्या माणसांना घेऊन.

ज्यांना शिकायचंय त्यांनी दिवाळीनंतर यावं. बरगे बसलेले असतात, पाणी निवळलेलं असतं, सकाळी नदीवर धुकं असतं. पहाटे साडेपाचला काठावर भेटायचं. पायात बूट, डोक्याला टोपी, सोबत डबा आणि वही. पहिले दोन रविवार काठी आणू नका.