विश्वामित्रीला पूर आला की बडोदेकरांनी या चुका टाळाव्यात

पाऊस थांबला म्हणजे पूर टळला, ही बडोद्यातली सगळ्यांत महागात पडणारी समजूत. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती ३५ फुटांच्या वर गेली. पाऊस ओसरला तरी कित्येक सोसायट्यांतलं पाणी हलेना. पावागडाच्या बाजूचं, आजवा-प्रतापपुरा या तलावांचं पाणी शहरात मागाहून पोचतं. म्हणून आभाळापेक्षा आजव्याची आणि काळाघोडा पुलाजवळची नदीची पातळी बघत राहा. आजवा भरत आलाय आणि नदी वीस फुटांवर गेलीय, असं कळलं की तळमजल्यावाल्यांनी आवरायला घ्यावं. कोणाच्या वरच्या मजल्यावर जायचं, हे मात्र जूनमध्येच बोलून ठेवा. ऐन वेळी आजी-आजोबांना जिना चढवणं फार अवघड जातं.

मदत मागताना नुसतं ‘आम्ही अडकलोय, लवकर या’ म्हणू नका. सोसायटीचं नाव, जवळची ठळक खूण, मजला, माणसं किती, आजारी कोण, एवढं सांगितलं तर बोट नेमकी पोचते. कुठल्याही तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण मोबाइलची बॅटरी संपतेच. व्हॉट्सॲपवर फिरणारा मदतीचा मेसेज पुढे ढकलण्याआधी त्यातल्या नंबरवर एकदा फोन लावून बघा. जुन्या मेसेजमुळे खऱ्या गरजवंताची हाक मागे पडते.

औषधांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या, चिठ्ठीसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. लाइट गेली तर इन्सुलिन बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. ओल्या कापडात गुंडाळून मातीच्या भांड्यात सावलीला ठेवा.

पाणी घरात शिरायच्या आधीच मेन स्विच बंद करा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावू नका.

पाणी उतरल्यावर अंगणात, पार्किंगमध्ये नदीतून आलेली मगर दिसली तर व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका, मुलांना आत घ्या आणि वनविभागाला कळवा. बुडालेली गाडी चालू करून बघण्याचा मोहही टाळा. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की ते कायमचं बिघडू शकतं, आणि असा खर्च विमा कंपनी नाकारू शकते. आधी फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या.