गेमिंग पीसी अचानक रांगायला लागला? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. अमरावतीहून भाच्याचा फोन आला. "मामा, पीसी पार गेला. आधी दोनशेच्या वर एफपीएस यायचे, आता गेम सुरू करून पाच मिनिटं झाली की चाळीस. दोनदा फॉरमॅट मारला, काही फरक नाही. कार्डच उडालंय. तू जरा पप्पांना सांग ना, नवीन घ्यायला."

एफपीएस म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, म्हणजे फ्रेम. पप्पांना सांगायच्या आधी मी त्याला कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबायला लावलं. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू. गेम चालू ठेवून तिथे 'स्पीड'समोर काय दिसतंय? म्हणाला, ०.९. चार गिगाहर्ट्झच्या पुढे पळणारा प्रोसेसर ०.९ वर आला होता, आणि बिचारं ग्राफिक्स कार्ड चाळीस टक्के कामावर बसून होतं. मग मी विचारलं, "दिवाळीच्या साफसफाईत पीसी उघडला होतास का?" उघडला होता. आडवा करून, ब्लोअर मारून, पंख्याची पाती कापडाने पुसून अगदी लख्ख केला होता. पीसी बंद करून, बोर्डावरचं बटणही बंद करून, कूलर बोटाने हळूच हलवून बघ म्हटलं. "हलतोय मामा!" प्रोसेसरबरोबर फुकट येतो तसला, चार प्लास्टिकच्या पिनांवर बसणारा कूलर होता. पुसताना त्यातली एक पिन वर आली होती. कूलरचा एक कोपरा उचललेला, प्रोसेसर शंभर अंशांवर, आणि जीव वाचवायला त्याने स्वतःच आपला वेग उतरवलेला.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, समोरासमोरच्या पिना जोडीने 'टक्' आवाज येईपर्यंत दाबल्या, झालं. पण तोवर दोन फॉरमॅटमध्ये त्याचे सगळे रेकॉर्ड केलेले क्लिप गेले होते.

आधी आकडा बघा, मग हात लावा

'पीसी स्लो झाला' म्हणजे 'अंगात कसकस आहे' म्हटल्यासारखं. त्यावरून औषध देता येत नाही. तरी बहुतेक जण याच वाक्यावर विंडोज उडवतात किंवा पाकीट उघडतात. फॉरमॅटने विंडोजमधला घोळ निघतो. सैल कूलर, मरू घातलेली डिस्क किंवा उतरलेला व्होल्टेज यांना फॉरमॅटचं काही देणंघेणं नसतं.

गेम चालू असताना तीन गोष्टी बघायच्या. जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, किती टक्के वापरात आहे, सीपीयूचा स्पीड किती, तापमान किती. कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर ते पूर्ण कामाला लागलंय, ही चांगली खूण. गेममधली ग्राफिक्स सेटिंग कमी करा, फ्रेम वाढतील. कार्ड चाळीस-पन्नास टक्क्यांवर, गेममध्ये एफपीएसवर मर्यादा लावलेली नाही आणि तरी फ्रेम पडतायत, तर अडचण कार्डात नाही. त्याला काम पुरवणारा कुणीतरी मागे पडतोय. इथे एक फसगत होते. सीपीयू एकूण तीसच टक्के वापरात दिसतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर निवांत आहे. आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. अनेकदा एक कोअर (प्रोसेसरमधला एक कामगार) छताला टेकलेला आणि बाकीचे गप्पा मारत बसलेले दिसतात.

रॅमइतकीच कार्डाची मेमरीही बघा. टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर 'डेडिकेटेड' आणि 'शेअर्ड' असे दोन आलेख असतात. ८ जीबीच्या कार्डावर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) 'अल्ट्रा'ला नेलं, डेडिकेटेड भरलं आणि शेअर्ड चढायला लागलं की कार्डाला हवा असलेला माल साध्या रॅममधून ओढून आणावा लागतो. मग कॅमेरा फिरवला की झटका, दार उघडलं की झटका. टेक्श्चर एक पायरी खाली आणलं की हा प्रकार मिटतो.

आणि हो, टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर क्षणभर सीपीयू वर उडी मारतो, ते टास्क मॅनेजर स्वतःच असतं. त्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवू नका.

ताप: कुठला खरा, कुठला खोटा

तापमान नीट बघायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट साधन आहे. त्यात 'थर्मल थ्रॉटलिंग'ची, म्हणजे तापामुळे वेग उतरवल्याची, ओळ असते. वीस मिनिटं खेळून परत या आणि 'मॅक्झिमम'च्या रकान्यात 'येस' आलंय का बघा. आलं असेल तर अर्धं निदान झालं.

मात्र नुसत्या आकड्याला घाबरू नका. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत जातात, ते त्यांच्या रचनेतच आहे. गेम खेळताना नव्वदीत गेले तर मात्र कूलरकडे बघायला हवं. कार्डाच्या बाबतीत सरासरी तापमान आणि 'हॉट स्पॉट' (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) यांतला फरक पाहा. तो २५-३० अंशांच्या पुढे गेला तर पेस्ट सुकलीय किंवा सरकलीय असं समजावं.

दुसरं असं की पंखे हवा थंड करत नाहीत, खोलीतलीच हवा आत फिरवतात. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारं कार्ड मे महिन्यात विदर्भातल्या ४२ अंशांच्या खोलीत ८५ च्या पुढे जाणारच. त्यात पीसी कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात कोंबलेला, मागे भिंत आणि पुढे काचेचं दार. मी एकाच्या घरी नुसता कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून टेबलाशेजारी ठेवला आणि दहा अंश उतरले. खर्च शून्य.

साफसफाई करा, पण ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. पंखा भोवऱ्यासारखा गरगरला की आवाज ऐकायला मजा येते, पण बेअरिंग जातं आणि उलटी वीजही तयार होते. आणि सगळं झाल्यावर कूलर हलत नाही ना, ते बघा. माझा भाचा आता बघतो.

कुणी हात न लावता बदललेली सेटिंग

यातली सगळ्यात गमतीशीर म्हणजे रॅम. ३२०० चा डीडीआर४ रॅम घेतला म्हणजे तो आपोआप ३२०० ने चालत नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण वेगाचा पर्याय, चालू केल्यावर चालतो. नाहीतर २१३३, २४०० किंवा २६६६ वर आळसावून राहतो. डीडीआर५ मध्ये ६००० चा संच ४८०० वर बसलेला सापडतो. बायोस अपडेट केलं की हे सेटिंग पुसलं जातं, आणि 'अपडेटनंतर पीसी स्लो झाला' अशी तक्रार सुरू होते. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर वेग लिहिलेला असतो, दहा सेकंदांचं काम आहे.

अपडेट केलंच नसेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बघा, सीआर२०३२. आपल्याकडे रात्री झोपताना बोर्डावरचं बटण बंद करायची पद्धत. बटण बंद झालं की बोर्डाची आठवण या सेलवर जगते. चार-पाच वर्षांत तो संपतो, मग अनेक बोर्ड सकाळी सगळं विसरून उठतात. खूण सोपी: घड्याळ रोज चुकतं, वेबसाइटी 'सर्टिफिकेट'च्या नावाने कुरकुरतात आणि एक्सएमपी गेलेलं असतं. सेल चहा-वड्याच्या पैशांत येतो.

तसंच मॉनिटरचं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ड्रायव्हर बदलल्यावर मुकाट्याने ६० वर येतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'त बघा. केबल साफसफाईनंतर कार्डाऐवजी मदरबोर्डच्या भोकात खोचली गेली नाही ना, तेही. हसू नका, मी स्वतः खोचलीय.

डिस्क अडखळत असेल तर थांबा

गेम दर थोड्या वेळाने दोन-तीन सेकंद गोठतो, आवाज चालू राहतो, मग सगळं एकदम पळतं. अशा वेळी डिस्कचं पान उघडा. डिस्क १०० टक्के वापरात, पण माल जातोय सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी, आणि 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' हजारो मिलिसेकंद. असं दिसलं तर डीफ्रॅग नको, चेकडिस्क नको, डिस्कला राबवणारी कुठलीच दुरुस्ती नको. आधी फोटो, कॉलेजचं काम, सेव्ह फाइली दुसरीकडे हलवा. तपासण्या सगळ्या नंतर. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'सीआरसी एरर' (वाटेत माल बिघडल्याच्या नोंदी) वाढत असतील तर मात्र खुशाल हुश्श करा, बहुतेक वेळा डिस्कला बोर्डाशी जोडणारी नुसती साटा केबल बदलून भागतं. एसएसडी काठोकाठ भरली असेल तरी ती रडते, दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा.

ड्रायव्हर, बूस्टर आणि 'फुकट' गेम

नवा ड्रायव्हर टाकला आणि गेम अडकत अडकत चालू लागला, की लगेच जुना परत टाकणारे बरेच आहेत. ड्रायव्हर बदलला की जुनी शेडर कॅश (कार्डासाठी आधीच तयार करून ठेवलेले चित्र काढायचे छोटे प्रोग्राम) निकामी होते, गेम ती पुन्हा बनवतो. अर्धा तास खेळून बघा. तरी तसंच राहिलं तर सेफ मोडमध्ये, इंटरनेट काढून, डीडीयू या ड्रायव्हर मुळापासून काढणाऱ्या साधनाने ड्रायव्हर साफ करा आणि मग टाका. इंटरनेट चालू ठेवलं तर विंडोज मध्येच आपला स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं.

रॅम क्लीनर, रजिस्ट्री क्लीनर, गेम बूस्टर यांनी वेग वाढल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. कुठल्याशा व्हिडिओत बघून पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद केली असेल तर चालू करा. भरपूर रॅम असूनही गेम बंद पडतात ते त्यामुळे.

क्रॅक केलेले गेम टाकताना 'अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना असते आणि आपण ती इमानेइतबारे पाळतो. मग काहीच चालू नसताना पंखे गरगरतात. टास्क मॅनेजर उघडला की एकदम शांत, बंद केला की पुन्हा सुरू. तुमच्या विजेवर दुसऱ्या कुणाची तरी क्रिप्टोची खाण चालू असल्याची ही खूण. टास्क मॅनेजर दिसला की दडून बसायचं, हे या प्रोग्रामांना शिकवलेलंच असतं. विंडोजच्याच डिफेंडर अँटीव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन करा. त्यानेही गेलं नाही तर फॉरमॅट मारा, आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. या संपूर्ण लेखात फॉरमॅटला माझा आशीर्वाद एवढ्या एका ठिकाणी आहे.

संदेश एकीकडे, दुखणं दुसरीकडे

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवरचे गेम सुरू होताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा संदेश देऊन बंद पडायचे. संदेशात व्हिडिओ मेमरी, त्यामुळे लोक कार्डाला बोल लावत बसले. दुखणं प्रोसेसरचं होतं. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून तो हळूहळू झिजत होता, आणि शेडर उलगडताना त्याची आकडेमोड चुकत होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोसमधून आले, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. बॉक्समधल्या प्रोसेसरांना तीनाऐवजी पाच वर्षं मिळाली. अपडेटने पुढची झीज अडते, झालेली भरून येत नाही. तुमच्याकडे आय९-१३९००के किंवा १४९००के असेल आणि बायोस २०२३ चंच असेल, तर हा लेख इथे ठेवा आणि आधी बायोस अपडेट करून या.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या 'कर्नल-पॉवर ४१'चंही असंच. ते बघून लोक पॉवर सप्लाय बदलतात. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद न होता बंद झालं. का, ते ती सांगत नाही. त्याऐवजी स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून तो दिनदर्शिकेसारखा तक्ता उघडा. बिघाड कुठल्या तारखेला सुरू झाला आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बसवलं गेलं, हे एका ओळीत समोर येतं.

भिंतीतला सॉकेट

पीसी फक्त गेममध्ये, भर मारामारीत रीस्टार्ट होत असेल तर कार्डाला पॉवर सप्लायकडून येणाऱ्या एकाच केबलच्या दोन शेपट्या जोडल्यात का बघा, दोन वेगळ्या केबल लावा. यूपीएसही तपासा. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. गेम चालू असताना लाइट गेली की तो एकदा किंचाळतो आणि पीसीसकट आडवा होतो.

शेवटचं सावंतवाडीच्या एका मित्राचं. खेळताना त्याचा कीबोर्ड मध्येच सुटायचा, हेडफोनमध्ये गुणगुण यायची. दोन कीबोर्ड बदलले, यूएसबी हब बदलला, विंडोज बदललं. मी गेलो तेव्हा अनवाणी उभा होतो आणि कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला, तर मुंग्या आल्या. अर्थिंग नसलं की पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून पत्र्यावर निम्म्या मेन्सइतका व्होल्टेज येऊन बसतो. करंट अगदी थोडा, पण यूएसबीला हैराण करायला पुरेसा. आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सॉकेटची प्लेट खोलली, आत बॅटरी मारली आणि आम्हाला बघायला बोलावलं. वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती.