साठीनंतर मांड्यांची ताकद टिकवायची तर

पुण्यात पहाटे तळजाईला किंवा हनुमान टेकडीवर गेलं की साठी ओलांडलेली कितीतरी माणसं झपाझप चालताना दिसतात. हृदयाला, साखरेला, मनाला ते चांगलंच आहे, सोडू नका. पण रोज पाच किलोमीटर चालणाऱ्यालाही रिक्षातून उतरताना दांडी धरावी लागते, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. सपाटीवर चालताना मांडीच्या स्नायूला आपल्या ताकदीतली थोडीशीच वापरावी लागते, आणि तीही रोज तेवढीच. स्नायू टिकतो तो त्याला काहीतरी जड वाटलं तर.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहूनही लवकर ओसरते. झटक्यानं जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात, आणि ठेच लागल्यावर पडता पडता सावरतात ते हेच तंतू. वजनकाट्यावर मात्र काही कळत नाही, कारण स्नायूची जागा चरबी घेते आणि आकडा तोच राहतो. डॉक्टर याला सार्कोपेनिया म्हणतात.

आधी मोजून घ्या. जेवणाच्या टेबलाची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. दोन्ही हात छातीवर घडी करून पाच वेळा पूर्ण उठा आणि बसा. घरातल्या कुणालातरी सेकंद मोजायला सांगा. 12 किंवा जास्त सेकंद लागले, तर आशियाई लोकांसाठी ठरवलेल्या निकषानुसार लक्ष द्यायची वेळ आली आहे. शिंप्याच्या टेपनं पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा: पुरुषांत 34 सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत 33 पेक्षा कमी घेर हीही धोक्याची खूण. दोन्ही आकडे तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता मुख्य व्यायाम, आणि तो याच खुर्चीवर. पुढच्या कडेला सरकून बसा. पावलं खांद्यांइतकी लांब आणि गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. बहुतेकांचं इथेच चुकतं: पावलं पुढे राहतात, मग उठायला झोका द्यावा लागतो. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं कमरेतून पुढे वाका, टाचा जमिनीत दाबा आणि श्वास सोडत उठा. श्वास कोंडला तर रक्तदाब एकदम चढतो. उठताना गुडघे आत वळत असतील, तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. खाली येताना मनात चारपर्यंत मोजा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला, कारण स्नायू ताणला जात असताना भार पेलणं हीच मोठी कमाई आहे. प्लास्टिकची खुर्ची नको, फरशीवर सरकते.

हातांशिवाय उठताच येत नसेल, तर बसायच्या जागी घट्ट घडी घातलेली सतरंजी ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला एक घडी कमी करा. उलट हे सोपं वाटत असेल, तर पाठीची सॅक छातीकडून अडकवा आणि त्यात पाण्याची एक लिटरची बाटली ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वेगळा काटा नको. एका फेरीत 8 ते 12 वेळा, अशा तीन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. फेरी संपताना 'अजून दोन-तीनच जमतील' असं वाटायला हवं. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी बारा वेळा सहज जमलं की आणखी एक बाटली. भार वाढवायचा राहून जातो म्हणूनच सहा महिने नेमानं व्यायाम करूनही ताकद तिथेच राहते.

याच्या जोडीला स्वयंपाकाच्या ओट्यावर तळवे टेकवून तिरके दंड, ओटा धरून टाचा उचलणं, आणि एक हात ओट्यावर ठेवून दुसऱ्यानं भरलेली पिशवी बरगडीपर्यंत ओढणं. ओटा कोरडा हवा. हे सगळं आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. तोल सांभाळायचा सराव मात्र निदान तीन दिवस: भिंतीजवळ उभं राहून एका पायावर दहा ते तीस सेकंद.

पर्वतीच्या 103 पायऱ्या हे उत्तम साधन आहे, आणि लिफ्ट नसलेल्या पेठेतल्या इमारतीचे जिनेही. चढताना दम लागतो म्हणून तोच खरा व्यायाम वाटतो, पण मांड्यांची परीक्षा उतरताना होते. सावकाश, कठडा हाताशी ठेवून उतरा. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या तर घाबरू नका, दोन-तीन दिवसांत कमी होतं. गुडघा सुजला किंवा सांध्याचं दुखणं 24 तासांत ओसरलं नाही, तर भार निम्मा करा. गुडघे झिजलेल्यांनी पायऱ्या उतरण्यापेक्षा उंच खुर्चीवरच मेहनत घ्यावी. छातीत दुखणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, नुकतंच झालेलं डोळ्याचं ऑपरेशन किंवा मणक्याचं फ्रॅक्चर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

'या वयात आता काय होणार' हे मनातून काढून टाका. 1990 मध्ये बॉस्टनमधल्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे मांड्यांचा भारी व्यायाम करून घेतला गेला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली.

व्यायाम करून ताट तेच ठेवलं, तर मात्र हाती फार लागत नाही. पासष्टीनंतर निरोगी माणसानं वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं घ्यावीत, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. आता आपलं नेहमीचं खाणं बघा: सकाळी पोहे-चहा, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण-भात, रात्री मऊ खिचडी. जेमतेम तीस-पस्तीस ग्रॅम. शिवाय उतारवयात स्नायू प्रथिनांना लवकर दाद देत नाहीत. दिवसभर चिमूट-चिमूट पोटात जाण्यापेक्षा प्रत्येक जेवणात 20 ते 25 ग्रॅम हवीत.

मोठी गडबड सकाळची असते. पोह्यांबरोबर दोन उकडलेली अंडी (12 ग्रॅम) आणि पेलाभर दूध (8 ग्रॅम) घेतलं की काम झालं. अंडं चालत नसेल, तर 60 ग्रॅम मूगडाळ भिजवून धिरडी करा, त्यातून 14 ग्रॅम मिळतात. सोबत वाटीभर दही. ताकात पाणीच जास्त, म्हणून ताकावर भागवू नका. दुपारचं वरण डावातून सांडणार नाही इतकं घट्ट करा आणि मटकीची उसळ जोडीला घ्या. रात्री पिठलं, त्यात 50 ग्रॅम पनीर किंवा 30 ग्रॅम कोरडे सोयाचंक्स भिजवून. चंक्समधून 15 ग्रॅम मिळतात. कवळीमुळे उसळ चावत नाही म्हणून पुष्कळजण ती सोडून देतात. ती कुकरमध्ये जास्त शिजवून घोटा, पण सोडू नका. साबुदाण्यात प्रथिनं नसल्यातच जमा आहेत, तेव्हा उपवासाला वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी, दही आणि राजगिरा. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

ड जीवनसत्त्व आणि बी-12 एकदा तपासून घ्या. शाकाहारी माणसाला बी-12 कमी पडतं आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन ते आणखी कमी करतं. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर दोन्ही मांड्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना लगेच सांगा, पण गोळी परस्पर बंद करू नका.

सर्वांत जास्त नुकसान अंथरुणात होतं. एका अभ्यासात धडधाकट वयस्क माणसांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला. डेंग्यूनंतर किंवा ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की जेवायला उठून खुर्चीत बसा. पडल्या पडल्या गुडघा गादीत दाबून मांडी पाच सेकंद आवळा, दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि घोटे वर-खाली हलवत राहा.

बारा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा पाच वेळा उठून सेकंद मोजा. आकडा कमी झाला नसेल, तर पहिल्यांदा सॅकमधल्या बाटल्या मोजा, मग सकाळचा नाश्ता तपासा. दोन्ही ठीक असूनही फरक नसेल, तर कॅलेंडरवरची नोंद घेऊन डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा.